वीस लेफ्ट : हॅरिसन फोर्ड यांच्या चुकलेल्या लँडिंगची गोष्ट

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत सँटा ॲनाजवळ जॉन वेन विमानतळ आहे. तिथे दोन समांतर धावपट्ट्या आहेत. एक ५,७०१ फूट लांब आणि १५० फूट रुंद, बोइंग आणि एअरबससाठी. तिच्या शेजारी दुसरी, २,८८७ फूट लांब आणि फक्त ७५ फूट रुंद, छोट्या विमानांसाठी. उत्तरेकडून येताना दोघींची दिशा साधारण २०० अंश पडते, म्हणून दोघींवर २० हाच आकडा रंगवलेला आहे. उजवीकडची २० राइट, डावीकडची २० लेफ्ट. यांच्याच दिशेने टॅक्सीवेही धावतात. टॅक्सीवे म्हणजे टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत विमानं चाकांवर सरकत जातात तो रस्ता. त्यातल्या एकाचं नाव टॅक्सीवे सी, रेडिओवरच्या बोलीत ‘चार्ली’.

१३ फेब्रुवारी २०१७ रोजी भर दिवसा एक छोटं दोन आसनी विमान २० लेफ्टवर उतरण्यासाठी आलं आणि चार्लीवर उतरलं. उतरताना ते अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ वरून गेलं. डॅलसला निघालेल्या त्या विमानात ११० प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. कुणाला खरचटलंही नाही. बोइंग थोड्या वेळाने ठरल्याप्रमाणे डॅलसला रवाना झालं. छोट्या विमानाचे वैमानिक होते हॉलिवूडचे अभिनेते हॅरिसन फोर्ड, वय ७४.

नाव मोठं असल्यामुळे बातमी जगभर गेली, आणि बहुतेक ठिकाणी ती ‘म्हातारा हिरो आणि त्याचं विमान’ एवढ्यावरच थांबली. मला हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. छोट्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास आपण बहुतेक वेळा अवशेषांवरून करतो. वैमानिक बोलायला उरलेला नसतो; त्याच्या डोक्यात त्या अर्ध्या मिनिटात काय चाललं होतं, याचा तर्क दुसऱ्यांनी करायचा असतो. इथे विमान धड आहे, वैमानिक धड आहे, रेडिओवरचं संभाषण जसंच्या तसं उपलब्ध आहे, आणि उतरल्यावर काही मिनिटांत वैमानिकाने स्वतः फोन करून काय झालं ते सांगितलं आहे. चुकीची इतकी स्वच्छ नोंद फार क्वचित हाताला लागते.

आधी वैमानिकाविषयी. फोर्ड नवशिके नव्हते. पन्नाशीच्या आसपास विमान चालवायला शिकलेल्या या माणसाच्या लॉगबुकात ५,००० हून अधिक तास होते. त्या दिवशीचं विमान एव्हिएट कंपनीचं हस्की. पंख वर, दोन आसनं एकामागे एक, आणि तिसरं चाक नाकाखाली नसून शेपटीला. अशी विमानं नदीकाठच्या वाळूवर, डोंगरातल्या गवताळ पट्टीवर उतरवण्यासाठी बनवलेली असतात. ती उतरवायला हात लागतो. शेपटीचाकाचं विमान जमिनीला टेकल्यावरही वैमानिकाला उसंत देत नाही. जरा दुर्लक्ष झालं की मागचा भाग पुढे यायला बघतो. म्हणजे विमान हाताळण्याचं कौशल्य फोर्ड यांच्याकडे होतं.

त्याचा पुरावा दोन वर्षांपूर्वीच मिळाला होता. ५ मार्च २०१५ रोजी सँटा मोनिकाहून उड्डाण केल्यावर लगेच त्यांच्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रायन विमानाच्या इंजिनाची शक्ती गेली. परत धावपट्टी गाठण्याइतकी उंची हातात नव्हती. खाली दाट वस्ती. त्यांनी जवळचं गोल्फचं मैदान निवडलं, झाडाच्या शेंड्याला घासून विमान तिथे टेकवलं. स्वतः जबर जखमी झाले, पण जमिनीवरच्या कुणालाही धक्का लागला नाही. चौकशीत कारण सापडलं ते यांत्रिक होतं : कार्बुरेटरमधला इंधनाचं प्रमाण ठरवणारा मुख्य जेट (बारीक छिद्राचा सुटा भाग) आपल्या जागेवरून सुटून आला होता. खांद्याचा पट्टाही नीट बसवलेला नव्हता, त्यामुळे इजा वाढली. वैमानिकाने मात्र त्या काही सेकंदांत जे करायचं ते केलं.

ही दोन लँडिंग शेजारी ठेवून बघावीत. बंद पडत चाललेल्या इंजिनासह विमान मैदानात उतरवणारा माणूस दोन वर्षांनी पूर्ण धडधाकट विमान, चांगल्या उजेडात, विमानांना सूचना देणारा कंट्रोल टॉवर असलेल्या विमानतळावर चुकीच्या पट्टीवर उतरवतो. संकट समोर उभं राहिलं की मन एका गोष्टीवर एकवटतं. साध्या दिवशी ते सैल असतं, आणि त्या सैलपणात जे शिरतं त्याच्यामागे जातं. छोट्या विमानांच्या प्रशिक्षणात इंजिन बंद पडल्याचा सराव आपण पुन्हा पुन्हा करून घेतो. ‘समोर दिसते आहे ती धावपट्टीच आहे ना’ हे तपासण्याचा सराव कुणी फारसा घेत नाही, कारण ते प्रत्येकाला येतं असं गृहीत धरलेलं असतं.

आता ती शेवटची मिनिटं. टॉवरने फोर्ड यांना २० लेफ्टवर उतरण्याची परवानगी दिली. त्यांनी ती बरोबर परत म्हणून दाखवली. वैमानिकाने सूचना जशीच्या तशी परत म्हणायची, यालाच रीडबॅक म्हणतात. ऐकण्यात घोळ झाला असेल तर तो तिथल्या तिथे पकडला जावा यासाठी ही पद्धत आहे. इथे पकडण्यासारखं काही नव्हतं. कान बरोबर होता, तोंड बरोबर होतं. चुकले ते डोळे, आणि डोळ्यांसाठी रीडबॅक नसतो.

फोर्ड यांनी नंतर फोनवर टॉवरमधल्या कंट्रोलरला दोन कारणं सांगितली. धावपट्टीकडे वळताना एक प्रवासी विमान हलताना दिसलं आणि लक्ष तिकडे गेलं. आणि दुसरं, उतरणाऱ्या एअरबसमागच्या वावटळीची चिंता होती. ही सबब म्हणून बाजूला टाकावी असं मला वाटत नाही. दोन्ही गोष्टींमध्ये चांगल्या वैमानिकाची सावधगिरी आहे, आणि चूक नेमकी त्या सावधगिरीच्या आड घडली.

वावटळीचं आधी. मोठं विमान उडताना त्याच्या दोन्ही पंखांच्या टोकांवरून हवा गोल पिळवटत मागे सुटते. यालाच वेक टर्ब्युलन्स म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. हळूहळू खाली बसते, जमिनीजवळ आली की बाजूला सरकते, आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या धावपट्टीवरही जाऊ शकते. हस्कीसारखं हजार किलोच्या आसपासचं विमान त्यात सापडलं तर जमिनीपासून थोड्याच उंचीवर उलथू शकतं. म्हणून छोट्या विमानाच्या वैमानिकाला शिकवतात : मोठ्याच्या वाटेपेक्षा वर रहा, ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेक. हे करायचं म्हणजे नजर एअरबसवर ठेवावी लागते, त्याची वाट मनात धरावी लागते, स्वतःची वाट त्यानुसार बदलावी लागते. दोन धावपट्ट्या एकमेकींना लगटून असतील तर ही कसरत आणखी अवघड.

दुसरी गोष्ट वळणाची. धावपट्टीला काटकोनात येणारा टप्पा म्हणजे बेस, आणि तिथून वळून धावपट्टीच्या रेषेत आलं की फायनल. या वळणात वर पंख असलेल्या विमानाचा आतल्या बाजूचा पंख खाली झुकतो आणि वैमानिक ज्या दिशेला वळतो आहे तिथलंच दृश्य झाकतो. वळण संपलं की पंख वर येतो आणि समोर अचानक सगळं दिसू लागतं : राखाडी, लांबट, एकमेकींना समांतर पट्ट्या. त्या क्षणी वैमानिक त्यातली एक निवडतो. ही निवड अर्ध्या सेकंदात होते आणि एकदा झाली की मन ती पुन्हा उघडून बघत नाही. पुढचं सगळं काम, वेग, उंची, बाजूचा वारा, हे निवडलेल्या पट्टीच्या हिशोबाने सुरू होतं.

आणि त्या पट्ट्या दिसतात तरी किती वेगळ्या? मोठ्या विमानांची धावपट्टी ओळखायला सोपी, ती रुंद असते. पण छोट्या विमानांची ७५ फुटी पट्टी आणि बोइंगसाठी बांधलेला प्रशस्त टॅक्सीवे यांची रुंदी डोळ्याला जवळपास सारखी वाटू शकते. फरक रंगात आहे. धावपट्टीवरच्या खुणा पांढऱ्या : सुरुवातीला पियानोच्या पट्ट्यांसारखे पट्टे, मग आकडा, मग मधली तुटक रेघ. टॅक्सीवेची मधली रेघ पिवळी आणि सलग, आकडा नाही. जमिनीवर उभं राहून बघणाऱ्याला हा फरक ढळढळीत वाटतो. हवेतून, तिरप्या कोनातून, दुसऱ्याच विमानाकडे अर्धं लक्ष असताना तो तसा उरत नाही. पण आकडा नाही ही गोष्ट उरते. ती शोधायला गेलं तरच दिसते, हीच अडचण.

मला शिकवणारे प्रशिक्षक फायनलवर आल्यावर धावपट्टीचा आकडा मोठ्याने म्हणायला लावत. आमच्या त्या विमानतळावर एकच धावपट्टी होती. दुसरीकडे जाण्याची सोयच नव्हती, तरी म्हणावं लागे. तेव्हा ते निरर्थक वाटायचं. आता कळतं की ते डोळ्यांचा रीडबॅक शिकवत होते.

यानंतर येतो तो क्षण, ज्यासाठी मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा ऐकलं आहे. बोइंगवरून गेल्यावर फोर्ड यांनी टॉवरला विचारलं की ते प्रवासी विमान माझ्या खाली असणं अपेक्षित होतं का.

प्रश्न नीट ऐकला तर त्यात सगळं आहे. काहीतरी जुळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. उतरण्याच्या वाटेवर ११६ माणसांचं विमान नसतं, हे त्यांना माहीत होतं. मनाने धोक्याची घंटा वाजवली, पण ती दुसऱ्याच्या नावाने वाजली : ते विमान तिथे कसं? ‘मी इथे कसा’ हा प्रश्न मनात आला नाही, कारण स्वतःची जागा आधीच ठरून गेली होती. ठरलेली गोष्ट खरी धरून मन भोवतालचं चुकीचं ठरवतं. हे फोर्ड यांचं वैगुण्य नाही, माणसाच्या मनाची घडणच अशी आहे. म्हणूनच विमान चालवताना नियम मनाच्या भरवशावर ठेवलेले नसतात. लँडिंगच्या वेळी काहीही अनपेक्षित दिसलं, समजो न समजो, की पॉवर पूर्ण द्यायची, चढायचं, फेरी मारून पुन्हा यायचं. गो-अराउंड. विचार वर गेल्यावर करायचा. हस्कीसारखं हलकं विमान त्या उंचीवरून सहज वर गेलं असतं. विचारलेला प्रश्न योग्य होता. तो विचारायची जागा हजार फुटांवर होती.

टॉवरने त्यांना सांगितलं की तुम्ही टॅक्सीवेवर उतरला आहात. आणि मग आला तो फोन. फोर्ड यांनी नाव सांगितलं आणि सरळ म्हणाले की टॅक्सीवेवर उतरलेला तो मूर्ख मीच. आपलं लक्ष कशाने विचलित झालं ते सांगितलं. पलीकडून धीर देण्यासाठी कुणीतरी म्हणालं की एवढं काही मोठं नाही. त्यावर ते म्हणाले, माझ्यासाठी ते मोठंच आहे.

अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, चौकशी केली आणि एप्रिल २०१७ मध्ये प्रकरण बंद केलं. दंड नाही, लायसन्सवर निर्बंध नाही. सल्ला आणि प्रशिक्षण, एवढंच. त्यावर पुष्कळ लोक चिडले. साधा माणूस असता तर सोडला असता का, हा त्यांचा प्रश्न. प्रश्नामागचा राग मला समजतो, पण उत्तर ‘हो’ असं आहे. २०१५ पासून एफएएचं जाहीर धोरणच तसं होतं : जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने नियम मोडला तर कारवाई, चूक प्रामाणिक असेल आणि वैमानिक ती मान्य करून सुधारायला तयार असेल तर शिक्षेऐवजी शिक्षण. त्याच्याही खूप आधी, १९७६ पासून, नासा ही संस्था वैमानिकांकडून त्यांच्या चुकांचे गोपनीय अहवाल गोळा करते. अहवाल नासाकडे, कारण नासाच्या हातात लायसन्स काढून घेण्याचा अधिकार नाही. माणूस मोकळेपणाने बोलेल अशी जागा मुद्दाम तयार केलेली आहे.

अशा मोकळ्या बोलण्याचं मोल काय, हे पाच महिन्यांच्या आत त्याच राज्यात दिसलं. ७ जुलै २०१७ च्या रात्री टोरांटोहून आलेलं एअर कॅनडाचं एअरबस ए-३२० सॅन फ्रान्सिस्कोला उतरत होतं. परवानगी २८ राइटची. शेजारची २८ लेफ्ट त्या रात्री बंद होती, तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना दिव्यांच्या दोन रांगा दिसल्या आणि नेहमीच्या सवयीने त्यांनी उजवीकडची आपली मानली. ती टॅक्सीवे होती, योगायोगाने तिचंही नाव सी. तिच्यावर चार प्रवासी विमानं उड्डाणाच्या रांगेत उभी होती. एअरबसच्या वैमानिकांनीही टॉवरला विचारलं की धावपट्टीवर काही दिवे दिसतात, उतरायची परवानगी नक्की आहे ना. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा दुसऱ्याविषयी. टॉवरने २८ राइट मोकळी असल्याचं सांगितलं, आणि ते खरंही होतं. विमान जमिनीपासून साधारण ६० फुटांपर्यंत खाली आलं आणि मग वर गेलं. त्यांनी गो-अराउंड केलं म्हणून ती रात्र इतिहासातल्या सर्वात मोठ्या दुर्घटनांमध्ये मोजली जात नाही.

पण ही घटना वेळेत कळवली गेली नाही. विमान पुढच्या फेऱ्यांना लागलं, आणि कॉकपिटमधला आवाज टिपणाऱ्या यंत्रावर नवा आवाज चढून त्या रात्रीचं बोलणं पुसलं गेलं. व्यावसायिक वैमानिक, दोघं जण, आधुनिक यंत्रणा, तरी त्या दोघांत शेवटच्या मिनिटांत काय बोलणं झालं ते कायमचं गेलं. दोन आसनी विमानातल्या एकट्या वैमानिकाचं बोलणं मात्र आपल्याकडे आहे.

यंत्रणेने यातून काही उचललं. विमानतळावरच्या हालचाली दाखवणाऱ्या रडार यंत्रणेत बदल करून, येणारं विमान टॅक्सीवेच्या रेषेत असेल तर कंट्रोलरला इशारा देणारी सोय आली. २०१८ मध्ये ती पहिल्यांदा सिअ‍ॅटलला बसवली गेली. तोवर ही चूक पकडणं कंट्रोलरच्या नुसत्या नजरेवर होतं, आणि त्याची नजरही एअरबसवर, बोइंगवर, आणखी दहा गोष्टींवर असते.

आपल्याकडे, मुंबईत, ही चूक फार आधी झालेली आहे. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ इतके जवळ, आणि दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या इतक्या सारख्या, जवळपास पूर्व-पश्चिम, की १९५३ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीचं कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. सप्टेंबर १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तेच केलं. जुहूची पट्टी त्याला पुरली नाही, विमान पुढे निघून गेलं आणि पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही. सुदैवाने जीव कुणाचा गेला नाही. सगळे वैमानिक अनुभवी होते. ‘एवढं मोठं कसं दिसलं नाही’ असं आपण जमिनीवरून म्हणतो. त्यांना ते दिसलं होतंच. अपेक्षेत बसणारी पट्टी समोर आली आणि शोध तिथे थांबला.

एका गोष्टीचा विचार केल्याशिवाय हे लिखाण पुरं करणं मला बरोबर वाटत नाही. २४ एप्रिल २०२० रोजी लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्न विमानतळावर फोर्ड यांनी थांबण्याची सूचना असताना धावपट्टी ओलांडली. दुसरं विमान तिथे उतरत होतं. दोघांत साधारण ३,६०० फुटांचं अंतर होतं. त्यांनी लगेच माफी मागितली, आपण नेमकं उलट ऐकल्याचं सांगितलं. एफएएने पुन्हा प्रशिक्षण देऊन प्रकरण मिटवलं. मग शिक्षेऐवजी शिक्षण हे धोरण फसलं का? मी यावर बराच विचार केला. २०१७ ला डोळा चुकला होता, २०२० ला कान. चुका वेगळ्या, म्हणून पहिल्या प्रशिक्षणाने दुसरी टळायला हवी होती असं म्हणता येत नाही. पण वय वाढतं तसं लक्ष एकाच वेळी अनेक ठिकाणी ठेवणं जड जातं, हेही खरं, आणि त्याचा हिशोब लायसन्सच्या कागदावर नसतो. तो वैमानिकाने स्वतः, दर उड्डाणाआधी, प्रामाणिकपणे करायचा असतो : आज वारा जास्त आहे, गर्दी जास्त आहे, आज जोडीला कुणीतरी घ्यावं. सत्तरीतल्या वैमानिक मित्रांना हे सांगताना माझी जीभ अडखळते. तरीही मी सांगतो.

नव्या मुलांना शिकवताना मी हे प्रकरण वर्गात घेतो. रेडिओवरचं संभाषण बोइंगविषयीच्या त्या प्रश्नापर्यंत वाजवतो आणि तिथे थांबवतो. मग विचारतो, या जागी तुम्ही काय म्हणाल? पहिल्या दिवशी बहुतेक जण म्हणतात, टॉवरला विचारू. मी काही बोलत नाही, पुन्हा लावतो. कुणीतरी म्हणतं, आधी आकडा बघू. तिसऱ्यांदा लावायच्या आत मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘गोइंग अराउंड.’ तेवढे दोनच शब्द, आणि हात आपोआप थ्रॉटल पुढे ढकलल्यासारखा हलतो. मग आम्ही विमानाकडे जातो.